नंदीच्या वाटेवर: एक उन्हाळी सायकल-सफर

बेंगळुरूचे नाव काढताच महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे काचेच्या उंच इमारती, संगणक कंपन्यांची आवारे आणि संपता न संपणारी वाहनांची रांग उभी राहते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते पूर्णही नाही. याच शहरातून रविवारी पहाटे, दूधवाले आणि वर्तमानपत्रवाले यांच्या बरोबरीने, सायकलस्वारांचे लहानमोठे गट बाहेर पडतात. कोणी पश्चिमेला रामनगरच्या खडकाळ टेकड्यांकडे वळतो, कोणी हेसरघट्ट्याच्या तलावाकडे. सर्वांत अधिक गर्दी मात्र उत्तरेच्या वाटेवर असते. ती वाट नंदीच्या डोंगराची.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराला उन्हाळा फारसा जाचत नाही, असा त्याचा जुना लौकिक आहे. तो आता तितकासा खरा राहिलेला नाही. २४ एप्रिल २०१६ रोजी येथे ३९.२ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, आणि २०२४च्या उन्हाळ्यात पाणीटंचाईने शहर अक्षरशः हवालदिल झाले. असे असूनही एप्रिलमधील पहाट अजून सुखद असते. पाच ते नऊ या चार तासांत सायकलीवरून बरेच अंतर कापता येते. त्यानंतर सूर्याशी तडजोड करावी लागते. ही तडजोड कशी करायची, हेच उन्हाळी सफरीचे खरे शास्त्र होय.

दिनांक ६ एप्रिल २०२५ हा रविवार होता आणि त्याच दिवशी रामनवमीही होती. नोकरीनिमित्त बेंगळुरूत राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाने एका स्थानिक सायकल मंडळासमवेत त्या दिवशी केलेल्या प्रवासाचा हा वृत्तांत.

मंडळ आणि त्याची शिस्त

मंडळाला कार्यालय नाही, फलक नाही. आम्ही चौदा जण होतो. त्यांत संगणक अभियंते होते, एक दंतवैद्य होत्या, महाविद्यालयातील दोन विद्यार्थी होते आणि चौतीस वर्षे बँकेत रोखपाल म्हणून काम करून निवृत्त झालेले, मूळचे बेळगावचे एक गृहस्थ होते. वय वर्षे सहासष्ट. मंडळातील कन्नड आणि तमिळ तरुण मुले त्यांना ‘अंकल’ म्हणतात. आम्ही मराठी मंडळी ‘काका’ म्हणतो. मंडळाची वर्गणी त्यांच्याकडेच असते. न्याहारीचा खर्च, पंक्चरचे साहित्य, शहाळ्यांचे पैसे, साऱ्याची नोंद एका छोट्या वहीत होते आणि संध्याकाळी जमाखर्च रुपयापर्यंत जुळतो. निवृत्तीनंतरही काही सवयी सुटत नाहीत, आणि त्या सुटू नयेत हेच बरे.

सफरीचे नेतृत्व तुमकुरूच्या एका तरुण अभियंतीकडे होते. निघण्यापूर्वी तिने तीन नियम सांगितले. पहिला, शिरस्त्राणाशिवाय कोणीही सायकलीवर बसणार नाही. दुसरा, महामार्गाच्या सेवा रस्त्यानेच जायचे आणि एकामागे एक अशी रांग मोडायची नाही. तिसरा, गटाच्या अगदी शेवटी एक अनुभवी स्वार राहील आणि त्याच्या मागे कोणीही उरणार नाही. गटाचा वेग सर्वांत मंद स्वाराचा वेग असेल.

यातला रांगेचा नियम केवळ सुरक्षिततेसाठी नसतो. पुढचा स्वार वारा कापतो आणि त्याच्या आडोशाला असलेल्याचे श्रम बरेच कमी होतात. म्हणून दर काही मिनिटांनी पुढचा माणूस बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जातो आणि दुसरा पुढे येतो. आकाशातून जाणारे पक्ष्यांचे थवेही हेच करतात. सहकाराचे इतके सोपे प्रात्यक्षिक अन्यत्र क्वचितच पाहायला मिळेल.

सायकलीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. पुणे ही कित्येक दशके सायकलींचे शहर म्हणून ओळखली जात असे. सरकारी सेवेत तर सायकल खरेदीसाठी अग्रिम रक्कम मिळत असे. मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तीन पारशी तरुण १९२३ साली सायकलीवरून जगप्रवासाला निघाले आणि १९२८ साली परत आले. अलीकडे, २०१८ साली, पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने विशीच्या उंबरठ्यावर एकटीने सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडण्याची कठीण स्पर्धा जोडीने पार केली. त्यांच्या तुलनेत सव्वाशे किलोमीटरची रविवारची सहल ती काय! परंतु सामान्य नोकरदाराला जे झेपते तेच त्याच्या आयुष्यात टिकते, हेही तितकेच खरे.

शहाजीराजांच्या जहागिरीतून

पहाटे पाच वाजता आम्ही मल्लेश्वरम येथून निघालो. १८९८च्या प्लेगनंतर आखण्यात आलेल्या या उपनगराला त्याचे नाव काडू मल्लेश्वराच्या मंदिरावरून मिळाले. या देवस्थानाचा मराठ्यांच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. येथील १६६९च्या शिलालेखात शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांच्या दानाचा उल्लेख आहे.

१६३८ साली विजापूरचा सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी केंपेगौडांच्या वंशजाचा पराभव करून बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर हा आसपासचा मुलूखही त्यांच्याच अमलाखाली होता. बालशिवाजी आणि जिजाऊ काही काळ येथे राहिल्या. येथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात आढळते, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ते संपादून प्रसिद्ध केले. पुढे १६८७च्या सुमारास मोगल फौजांनी शहर घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांनी ते तीन लाख रुपयांना मिळवले. ज्या शहरात आज एका लहानशा सदनिकेसाठी कोटींचे व्यवहार होतात, त्याचा एकेकाळचा हा भाव ऐकून काकांनी अंधारातच ‘व्याज धरून आज किती होतील?’ असा हिशेब मांडायला घेतला.

हेब्बाळ ओलांडले तेव्हा पूर्वेला फटफटू लागले होते. विमानतळाकडे जाणारी वाहने उड्डाणमार्गावरून वेगाने निघून जात होती. खालच्या सेवा रस्त्यावर गुलमोहराच्या पाकळ्या पडल्या होत्या आणि करंजाला फुलांचा बहर होता. करंजाला कन्नडमध्ये ‘होंगे’ म्हणतात. या प्रदेशातला तो उन्हाळ्याचा खरा सोबती. चैत्रात सारे सुकत असताना त्याला कोवळी, लखलखीत पालवी फुटते आणि त्याच्या सावलीत वाटसरू घटकाभर विसावतात.

देवनहळ्ळी: किल्ला, पपनस आणि विमाने

सात वाजण्याच्या सुमारास आम्ही देवनहळ्ळीस पोहोचलो. एका लहान हॉटेलात इडली, वडा आणि फिल्टर कॉफी अशी न्याहारी झाली. सायकलस्वाराने न्याहारी पोटभर करू नये, परंतु चुकवूही नये. थोडे-थोडे आणि वारंवार, हे सूत्र.

गावातील किल्ला १५०१ साली मातीचा बांधला गेला आणि पुढे हैदरअलीच्या काळात त्याला दगडी रूप आले. हैदरअलीच्या पराक्रमाचा पहिला बोलबाला १७४९च्या सुमारास याच किल्ल्याच्या वेढ्यात झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात टिपू सुलतान याच गावी जन्मला. तटावर उभे राहिले की एका बाजूला जुन्या गावाची कौले दिसतात आणि दुसऱ्या बाजूला काही मिनिटांच्या अंतराने विमाने उतरताना दिसतात. २४ मे २००८ रोजी येथील आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि या तालुक्याचे भवितव्य एका दिवसात पालटले.

देवनहळ्ळीची जुनी ख्याती आहे ती पपनसासाठी. येथे त्याला ‘चक्कोता’ म्हणतात. गुलाबी गराच्या, गोड-आंबट चवीच्या या फळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तसेच मानांकन बेंगळुरू ब्ल्यू या द्राक्षजातीलाही आहे आणि तिचे मळे याच परिसरात आहेत. परंतु जेथे पूर्वी पपनसाच्या बागा होत्या, तेथे आता भूखंडांच्या विक्रीचे फलक दिसतात. दर दोन-तीन किलोमीटरला एखादी कमान, तिच्यामागे मोकळे रस्ते, विजेचे खांब आणि एकही घर नाही, असे दृश्य. सायकलीच्या वेगाने जाताना ते डोळ्यांत भरते. मोटारीतून ते सहज निसटते.

जमीन राहावी की जावी, हा प्रश्न येथे केवळ हळहळीचा नाही. याच तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीतील १३ गावांची १,७७७ एकर जमीन हवाई उद्योगांच्या वसाहतीसाठी घेण्याचे ठरले तेव्हा शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ धरणे धरले. आम्ही त्या वाटेने गेलो तेव्हा ते आंदोलन सुरूच होते. अखेर १५ जुलै २०२५ रोजी राज्य सरकारने हे संपादन सोडून देत असल्याचे जाहीर केले. जमिनीचा मोबदला हाती येणे आणि जमीन हाती राहणे, यांत शेतकऱ्याने कशाची निवड करावी हे दुसऱ्याने सांगू नये. बँकेत काम करणाऱ्यांना मात्र दोन्ही प्रकारचे ग्राहक भेटतात. मोठी रक्कम एकदम हाती आलेल्या माणसाला पुढच्या पिढीचा विचार करणारा सल्ला द्यावा लागतो, आणि जमीन राखलेल्या माणसाला पिकासाठी वेळेवर कर्ज. दोघांनाही आपली गरज असते.

तुती, तलाव आणि खडक

देवनहळ्ळी सोडून महामार्गावरून डावीकडे वळलो आणि कानांतला गोंगाट एकाएकी थांबला. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना तांबडी माती. नाचणीची शेते खरिपाची वाट पाहत नांगरून पडली होती. हिरवे दिसत होते ते तुतीचे मळे. हा सारा टापू रेशमाचा आहे. येथून जवळच असलेले शिडलघट्ट हे रेशीमकोषांच्या व्यापाराचे देशातील एक मोठे केंद्र आहे. तुतीचा पाला कापून घरी न्यायचा, अळ्यांना दिवसातून अनेक वेळा घालायचा आणि महिन्याभराच्या आत कोष बाजारात न्यायचे, असे हे चक्र. दर महिन्याला थोडी रोकड हाती येते म्हणून लहान शेतकऱ्याला ते मानवते. परंतु उन्हाळ्यात अळ्यांच्या खोलीतील उष्णता आणि आर्द्रता सांभाळणे अवघड होते. रस्त्याकडेच्या एका घराच्या दारावर ओले गोणपाट लावलेले दिसले ते त्याचसाठी.

या प्रदेशात बारमाही नदी नाही. गंमत अशी की नंदीच्या आसपासच्या डोंगरांतच उत्तर पिनाकिनी, दक्षिण पिनाकिनी, पालार, चित्रावती आणि अर्कावती या नद्यांचा उगम मानला जातो. पण त्या पाणी घेऊन दूर निघून जातात. म्हणून पूर्वजांनी उतारावर एकाखाली एक असे तलाव बांधले. वरचा भरला की त्याचा सांडवा खालच्यात जातो. ही साखळी ज्या गावांनी सांभाळली तेथे विहिरींना पाणी राहिले. जेथे नाले बुजले तेथे हजार-दीड हजार फूट खोल कूपनलिका खणाव्या लागल्या. अलीकडच्या वर्षांत बेंगळुरूच्या हेब्बाळ आणि नागवारा खोऱ्यांतील प्रक्रिया केलेले सांडपाणी या भागातील तलावांत सोडण्याची योजना अमलात आली आहे. त्या पाण्याच्या शुद्धतेविषयी मतभेद आहेत. परंतु एप्रिलच्या कडक उन्हात भरलेला तलाव आणि त्यावर उतरलेले बगळे पाहून सारा गट आपोआप थांबला, हे नमूद केले पाहिजे.

घाटातील वळण

नंदीच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत नऊ वाजले होते. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून १,४७८ मीटर. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा रस्ता सुमारे आठ किलोमीटरचा आणि नागमोडी वळणांचा. बेंगळुरूतील शर्यतीचे स्वार हा घाट अर्ध्या तासाच्या आत चढून जातात. सामान्य स्वाराला तासभर तरी लागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये दरड कोसळून हा रस्ता वाहून गेला होता आणि काही महिने माथा बंदच होता. त्या दुरुस्त झालेल्या भागावरून जाताना डोंगराच्या उघड्या अंगावर त्या घटनेची खूण दिसते.

उन्हाळ्यात घाट चढण्यातली अडचण नीट समजून घेण्यासारखी आहे. सपाटीवर सायकलीचा वेग ताशी वीस-बावीस किलोमीटर असतो. त्यामुळे अंगाला वारा लागतो, घाम वाळतो आणि शरीर थंड राहते. चढावर वेग सात-आठवर येतो. श्रम दुपटीने वाढतात आणि वारा जवळजवळ नाहीसा होतो. तासाला लिटरभर घाम सहज जातो. केवळ पाणी पिऊन ही भरपाई होत नाही, कारण घामाबरोबर क्षारही जातात. म्हणूनच अनुभवी स्वार एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत मीठ-साखरेचे पाणी ठेवतात.

काका सुरुवातीला उत्तम चढत होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मनाशी तीन संकल्प केले होते, त्यांतला हा तिसरा: सायकलीवरून नंदीचा माथा गाठणे. पहिले दोन कोणते, ते त्यांनी कधी सांगितले नाही. निम्म्याहून अधिक घाट संपला तेव्हा पिछाडीच्या स्वाराने शिट्टी दिली. काका सायकलीवरच होते, पायडलही मारत होते. पण त्यांची सायकल रस्त्याच्या मध्याकडे भरकटत होती. नेतृत्व करणारी मुलगी उतरून मागे धावली. तिने त्यांना कड्याच्या सावलीत बसवले आणि हात पाहिला. भर उन्हात त्यांच्या हातावर शहारे आले होते. कपाळावरचा घाम थांबत आला होता. डोके जड झाले आहे, थोडे मळमळते आहे, असे ते म्हणाले.

“अंकल, आज तारीख काय?” तिने विचारले.

त्यांनी तारीख बरोबर सांगितली. मग तिने न्याहारीचे बिल विचारले. तेही त्यांनी पैशांसह सांगितले, आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शरीर तापले होते, परंतु बुद्धी शाबूत होती. असंबद्ध बोलणे सुरू झाले असते तर तो उष्माघात ठरला असता आणि एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे लागले असते.

शिरस्त्राण काढले, सदऱ्याची बटणे सोडली, मानेवर आणि काखेत ओले रुमाल ठेवले. दंतवैद्य बाईंनी त्यांना घोट-घोट क्षारजल पाजले. एकदम पिऊ दिले नाही. वीस मिनिटांत चेहऱ्यावर तजेला आला. तेव्हा ते म्हणाले, “आता उरले किती? अडीच-तीन किलोमीटर. सावकाश जातो मी.”

तिने वाद घातला नाही. “साकु, अंकल,” एवढेच म्हणाली. साकु म्हणजे पुरे. नंतर तिने आपली स्वतःची सायकल उताराच्या दिशेने वळवून उभी केली. एकेक करून बाकीच्या सायकली वळल्या. त्यांत नंदीचा माथा आयुष्यात प्रथमच गाठण्याच्या बेताने आलेले दोघे विद्यार्थीही होते. काका काही वेळ वरच्या वळणाकडे पाहत राहिले. मग उठले आणि सायकल वळवून चालत खाली निघाले. उतारावर त्यांना कोणी बसू दिले नाही. गटातील दोघे त्यांच्यासोबत पायी उतरले.

माथ्यावर काय आहे, ते सांगण्यासारखे पुष्कळ आहे. योगनंदीश्वराचे देऊळ आहे, टिपूचा उन्हाळी महाल आहे आणि ज्यावरून कैद्यांना खाली लोटत असत असे सांगतात तो कडा आहे. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजांनी १९ ऑक्टोबर १७९१ रोजी हा दुर्ग जिंकला. त्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही टिपूच्या विरोधात उतरल्या होत्या. १९८६ साली सार्क परिषदेसाठी बेंगळुरूत आलेले शेजारी देशांचे नेते विश्रामासाठी येथे आले होते. हे सारे त्या दिवशी आमच्यापासून तीन किलोमीटर वर राहिले.

भोगनंदीश्वराच्या छायेत

पायथ्याच्या नंदी गावात भोगनंदीश्वराचे मंदिर आहे. माथ्यावर योगी शिव आणि पायथ्याशी गृहस्थाश्रमी शिव, अशी लोकांची श्रद्धा. नवव्या शतकापासूनच्या अनेक राजवटींनी या मंदिरात भर घातली. अरुणाचलेश्वर आणि भोगनंदीश्वर अशी दोन देवळे शेजारी-शेजारी उभी आहेत आणि दोहोंच्या मध्ये उमा-महेश्वराचे लहान देऊळ आहे. तेथील काळ्या दगडाच्या खांबांवरचे कोरीव काम पाहता वेळ कसा जातो ते कळत नाही.

मंदिराच्या पुष्करिणीभोवती चारही बाजूंनी ओवऱ्या आहेत. बाहेर ऊन रणरणत होते आणि ओवरीतला दगड मात्र पाठीला गार लागत होता. रामनवमी असल्यामुळे गावात मांडव घातला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तेथे गुळाचे पानक, ताक आणि भिजवलेल्या मुगाच्या डाळीची कोशिंबीर मिळत होती. आपण कोण, कोठले, असे कोणी विचारले नाही. पानक म्हणजे गूळ, लिंबू, वेलदोडा आणि सुंठ घातलेले पाणी. ताकात मीठ, आले आणि कढीपत्ता. वैद्यकशास्त्र घामाने गेलेले पाणी, साखर आणि क्षार भरून काढायला सांगते, आणि चैत्रातल्या या सणाने तीच गोष्ट कित्येक शतके द्रोणात घालून वाटली आहे.

काका दोन तास निजले. उठल्यावर त्यांनी वही काढली आणि मांडवातल्या दानपेटीत मंडळाच्या वतीने टाकलेली रक्कम खर्चाच्या बाजूला लिहिली. त्या दिवशीच्या घाटाविषयी ते एवढेच बोलले: “बँकेत असताना कितीदा तरी लोकांना सांगितले, मुदत पुरी होईपर्यंत थांबा. मला सांगायला आज पोरगी भेटली.”

दुपारी साडेतीनपर्यंत कोणीही सावली सोडली नाही. काकांना सायकलीवरून परत जाऊ द्यायचे नाही, हे ठरलेलेच होते. भाजीपाला घेऊन शहराकडे निघालेल्या एका टेंपोत त्यांची सायकल चढवली. ते एकटे जाऊ नयेत म्हणून दंतवैद्य बाईही आपली सायकल घेऊन सोबत गेल्या.

मुद्देनहळ्ळीचा अभियंता

उरलेले आम्ही नंदीहून काही किलोमीटरवर असलेल्या मुद्देनहळ्ळीस गेलो. हे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे जन्मगाव. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला आणि १९६२ साली, वयाची शंभरी गाठून, ते निवर्तले. गावात त्यांचे घर आणि समाधी जतन करण्यात आली आहे.

मराठी वाचकाला या स्थळी परकेपणा वाटण्याचे कारण नाही. विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेतून, पदवीधर झाले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश आणि पुणे येथे त्यांच्या सेवेची उमेदीची वर्षे गेली. नीरा कालव्यावर पाणीवाटपाची पाळीपद्धती त्यांनी आखली आणि १९०३ साली खडकवासला धरणावर त्यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे बसवण्यात आले. पुढे १९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूर संस्थानचे दिवाण होते.

बँकिंग क्षेत्रातील वाचकांना त्यांचे आणखी एक ऋण आठवावे. त्यांच्याच पुढाकाराने १९१३ साली म्हैसूर बँकेची स्थापना झाली. संस्थानातील शेतकऱ्याला आणि लहान उद्योजकाला भांडवल मिळावे, हा तिचा हेतू होता. हीच बँक पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर म्हणून ओळखली जाऊ लागली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. धरणाचे पाणी असो वा ठेवीचा पैसा, तो अडवून, साठवून आणि गरजेच्या ठिकाणी मोजून सोडावा लागतो, ही दृष्टी एकाच माणसाच्या ठायी होती.

सूर्य कलला तसे आम्ही दक्षिणेकडे निघालो. अंधार पडण्यापूर्वी प्रत्येकाच्या सायकलीचे मागचे तांबडे आणि पुढचे पांढरे दिवे तपासले गेले. हेब्बाळला पोहोचेपर्यंत साडेसात वाजले होते. दिवसभरात आम्ही सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास सायकल चालवली होती.

सफरीला निघण्यापूर्वी

ज्या वाचकांना आपल्या गावाहून अशी सफर करावीशी वाटेल, त्यांच्यासाठी काही सूचना:

उन्हाळ्यात पहाटे पाचला निघावे. चढ असेल तर तो आठच्या आत संपेल असे नियोजन करावे. अकरा ते साडेतीन या वेळेत सायकल चालवू नये.

दर पंधरा-वीस मिनिटांनी तहान नसतानाही दोन-तीन घोट पाणी प्यावे. क्षारजलाच्या पुड्या जवळ ठेवाव्यात. चक्कर, मळमळ, उन्हातही अंगावर शहारे, घाम थांबणे, यांपैकी काहीही जाणवल्यास त्वरित थांबून सावली गाठावी आणि अंग थंड करावे. बोलण्यात विसंगती आल्यास १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

चाकात हवा काठोकाठ भरू नये. तापलेल्या रस्त्यावर दाब वाढतो. उतारावर ब्रेक सतत दाबून न धरता सोडत-दाबत उतरावे. जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे साहित्य बरोबर असावे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्यांनी, आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. महागडी सायकल असलीच पाहिजे असे नाही. आमच्या गटातील एक विद्यार्थी वडिलांची जुनी, साधी सायकल घेऊन आला होता आणि तो कोठेही मागे पडला नाही.

एकट्याने जाऊ नये. गटात पिछाडीचा स्वार आधीच ठरवून ठेवावा, आणि परत फिरण्याचा त्याचा इशारा सर्वांनी मानावा.

बेंगळुरूच्या उत्तरेचा हा भाग झपाट्याने पालटतो आहे. पपनसाच्या उरलेल्या बागा, तुतीचे मळे आणि करंजाच्या सावलीतले तलाव आणखी दहा-वीस वर्षांनी असेच असतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. महाराष्ट्रातही मोठ्या शहरांच्या सीमेवरील गावांची स्थिती वेगळी नाही. अशा गावांतून सायकलीवरून एकदा जाऊन यावे. शेतात काय पिकते, पाणी कोठून येते, जमीन कोणी राखली आणि कोणी विकली, हे त्या वेगाला दिसते. आपल्या शाखेत येणारा ग्राहक कोणत्या मातीतून येतो, हे जाणून घेण्याचा याहून स्वस्त मार्ग प्रस्तुत लेखकाला तरी ठाऊक नाही.

मंडळाची पुढची नंदी-सफर पावसाळा संपल्यावर काढण्याचे ठरले. त्या दिवशी घाट सकाळी सहालाच सुरू करायचा आणि त्यासाठी आदल्या रात्री नंदी गावात मुक्काम करायचा, ही सूचना काकांची होती. मुक्कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक त्यांनी दुसऱ्याच दिवशी सर्वांना पाठवले.